आठव्या लेनमधला मुलगा पुढे का उभा?

बल्लारपुरात मी आयुष्यभर पीटी शिकवली. ४०० मीटरची शर्यत लावली की कुणाचा तरी बाप जवळ येऊन विचारायचाच, "सर, तो बाहेरचा पोरगा एवढा पुढे का उभा केला? ही तर लबाडी झाली." पेपर मिलची पाळी संपवून थेट मैदानावर आलेली ही माणसं. मी त्यांना वळणावर न्यायचो आणि टेपचं एक टोक त्यांच्याच हातात द्यायचो.

लेन १.२२ मीटर रुंद असते. बाहेर जावं तसं वळण मोठं होत जातं. सगळ्यांना एकाच रेषेवर उभं केलं तर दुसऱ्या लेनमधल्याला ७.०४ मीटर जास्त धावावं लागेल, आठव्याला ५३ मीटर. म्हणून सुरुवातीच्या रेषा मागेपुढे असतात, शेवटची रेषा सगळ्यांना एकच.

सुरुवातीच्या रेषेचा हा प्रश्न मला धर्माचाच वाटतो. माणसं समान आहेत हे संतांनी सांगितलं, वारकऱ्यांनी चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडून ते आचरलंही. पण गावी परतल्यावर ज्याची वस्ती वेशीबाहेर, त्याची ती तशीच वेशीबाहेर असायची. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. माझे वडील त्या गर्दीत होते. ते म्हणायचे, समता नुसती मानून भागत नाही, ती रोज आखावी लागते. मैदानावर फक्की टाकताना मला त्यांचं म्हणणं कळत गेलं.

पुढे बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथं १९ वर्षांखालील राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, देशभरातली पोरं आपल्या तालुक्यात धावली. मला मनापासून अभिमान वाटला. आमची फक्की पहिल्या पावसात वाहून जायची, इथल्या रेषा पक्क्या आहेत.

पण ही मोजणी कुंपणाच्या आत सुरू होते. भामरागडच्या किंवा जिवतीच्या मुलीचं वळण त्याच्या कितीतरी आधी लागलेलं असतं. आश्रमशाळेतलं जेवण, पायात बूट नसणं, दिवसातून एखादी एसटी. तिला थोडं पुढे उभं केलं की लोक गुणवत्तेचं नाव काढतात. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांना प्रशिक्षण मिळालं, साधनं मिळाली. ८,८४८ मीटरची उंची त्यांच्यासाठी कुणी कमी केली नव्हती, चढले ते स्वतःच्या पायांनी. गुणवत्ता होतीच, तिच्यापर्यंत टेप कुणी नेला नव्हता.

म्हणून संकुलांचे आराखडे करणाऱ्यांना माझी विनंती आहे: प्रेक्षकांच्या खुर्च्या मोजण्याआधी दूरच्या मुलामुलींसाठी वसतिगृह आणि दोन वेळचं सकस जेवण कागदावर घ्या, आणि सकाळचा ट्रॅक त्यांना विनाशुल्क द्या.