शंभर डॉलरचा पाऊस

खेचराचे मागचे पाय बांधायचे, जमिनीवर पांढरा बाण काढायचा आणि भला मोठा ढोल बडवत बसायचं. एन. रिचर्ड नॅश यांच्या 'द रेनमेकर' या नाटकात स्टारबक नावाचा भटक्या दुष्काळाने होरपळलेल्या करी कुटुंबाला ही कामं वाटून देतो आणि पाऊस पाडण्याचे शंभर डॉलर आगाऊ घेतो. हिशेबी थोरला भाऊ नोआ संतापतो, धाकटा जिम जीव तोडून ढोल बडवतो.

बारामतीकडच्या सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातल्या जुन्या माणसाला यात वेडगळ असं काही वाटणार नाही. पाऊस यावा म्हणून लिंबाच्या डहाळ्या अंगाला बांधून दारोदार फिरणारी, घरोघरी पाणी ओतून घेणारी धोंडी त्याने पाहिलेली असते. महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवल्याचंही त्याला माहीत असतं.

हे नाटक 1953 मध्ये आधी अमेरिकी दूरचित्रवाणीवर झालं. 1954 च्या ऑक्टोबरात ते ब्रॉडवेवर आलं, तेव्हा करींच्या लग्न न जमलेल्या मुलीच्या, लिझीच्या भूमिकेत जेराल्डिन पेज होती. दिग्दर्शक जोसेफ अँथनी यांनीच 1956 मध्ये त्यावर चित्रपट केला. त्यात बर्ट लँकेस्टरसमोर 49 वर्षांची कॅथरिन हेपबर्न उभी राहिली. वय जास्त, तरी ऑस्करचं नामांकन मिळालंच. 1963 मध्ये यावरून '110 इन द शेड' हे संगीत नाटक निघालं. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट कायम राहिली: लिझीला कोण मिळणार याचीच प्रेक्षकाला काळजी, गुरं मरतायत ती मरोत.

याच नाटकावर बेतलेल्या, अमोल पालेकरांच्या 'थोडा सा रूमानी हो जायें' (1990) या हिंदी चित्रपटातही तेच झालं. नाना पाटेकरांचा धृष्टद्युम्न पद्मनाभ प्रजापती नीलकंठ धूमकेतू बारिशकर हे नाव सांगतानाच अर्धा डाव जिंकतो. लिझीची बिन्नी झाली, ती अनिता कंवर यांनी फार समजून केली. भास्कर चंदावरकरांचं संगीत, मध्येच कवितेत शिरणारे संवाद, सगळं देखणं. पण चित्रीकरण पचमढीत! सातपुड्यातल्या त्या थंड हवेच्या ठिकाणी पावसाची वाट पाहणाऱ्यांचा घसा खरोखर कोरडा पडला असेल, हे काही केल्या पटत नाही.

खरे पाऊस पाडणारे मात्र बारामतीच्या आभाळात फिरून गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 1973 ते 1986 या काळातल्या अकरा पावसाळ्यांत, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या बारामती-नगर भागात ढगांवर प्रयोग केले. विमान ढगात शिरायचं आणि मिठाची बारीक पूड सोडायचं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असे. मीठ ओल धरतं, थेंब मोठा होतो, लहान थेंबांना गिळत खाली येतो, एवढंच तत्त्व.

खरी हुशारी मिठात नव्हती, मांडणीत होती. प्रदेशाचे तीन पट्टे केलेले. मधला मोकळा. उरलेल्या दोनांपैकी आज कोणत्या पट्ट्यावर पूड टाकायची, हे जणू चिठ्ठी टाकून ठरे. म्हणजे शास्त्रज्ञाला आवडलेला काळाभोर ढग निवडण्याची सोय नाही. शेवटी हिशेब निघाला सुमारे 24 टक्के जादा पावसाचा.

हा सारा खटाटोप एका प्रश्नासाठी होता: मीठ टाकलं नसतं तरी हा पाऊस पडलाच असता का? स्टारबकला नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही. पोलिसांच्या तावडीतून सुटताना तो घेतलेले पैसे परत करतो. तेवढ्यात आभाळ गडगडतं, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शब्दावर पाऊस येतो, तसा तो धावत परत येऊन शंभर डॉलर पुन्हा खिशात घालतो. खेचराचे पाय, बाण आणि ढोल यांपैकी कशाने काम केलं, याची नॅशना फिकीर नाही. नाटककार म्हणून ते बरोबरच आहेत. शंका मिटवली असती, तर तो प्रवेश उरलाच नसता.

तरी हे नाटक कुणी मराठीत आणून बारामतीच्या गदिमा सभागृहात लावलं, तर अडचण दुसरीकडेच येईल. बारामती-इंदापुरात दुष्काळ सगळ्यांचा सारखा नसतो. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस उभा, भवानीनगर-माळेगावची धुराडी चालू. कालव्याचं पाणी न चढणाऱ्या गावांत त्याच उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं. करी कुटुंबाचं शिवार यापैकी कुठं, हे दिग्दर्शकाला पडदा उघडण्याआधी ठरवावं लागेल. कालव्याखाली असेल, तर बाप स्टारबकला शंभर रुपयेसुद्धा देणार नाही.