धुरकऱ्याची कारकीर्द

कापसाची वेचणी उरकत आली की यवतमाळ जिल्ह्यात शंकरपटांची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, पत्रके लागू लागतात. बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरात असते, खाली देणगीदारांची नावे. पटाच्या दिवशी लाउडस्पीकरवरून जोडीच्या मालकाचे आणि गावाचे नाव पुकारले जाते. बैलांची नावे तर पोराटोरांनाही पाठ असतात. पण ती जोडी हाकली कुणी? शौकिनांना तो धुरकरी माहीत असतो, नाही असे नाही, पण ती ओळख तोंडी. कागदावर त्याला जागा नाही, आणि मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

धुरकरी करतो काय, ते जवळून पाहायला हवे. सुटायच्या रेषेवर चार-पाच गडी बैलांना धरून असतात. बैल पाय आपटतात, जू हिसडतात. मागे हलक्या छकड्यावर धुरकरी पाय रोवून बसलेला, कासरा मुठीत. दोन बैल कधीच सारखे नसतात. एक आधी उसळतो, दुसरा अर्धे पाऊल मागून येतो, आणि तेवढ्यात जोडी एका अंगाला ओढली गेली तर पट गेलाच. ते अर्धे पाऊल धुरकऱ्याला बैलाच्या पाठीवरून आधीच ओळखावे लागते. चाक खाचेत उडाले तर तोल सावरायचा आणि कासरा तसूभरही जास्त ओढायचा नाही. निकाल सेकंदाच्या शतांशावर ठरतो, म्हणजे एक चुकीचा हिसका पुरेसा होतो. त्यातून जिंकला तरी काम संपत नाही. रेषेपलीकडे माणसांची गर्दी असते आणि भरधाव जोडी तिच्या अलीकडे आवरायची असते. पुण्याकडच्या घाटातल्या शर्यतीत गाडीवर माणूस नसतोच. विदर्भाच्या पटात मात्र सगळा खेळ त्याच्या हातावर.

नोंद राहिली की काय होते, ते दिसावे म्हणून आता एका जपानी शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट. सातोरू नाकाजिमा १९५३ साली ओकाझाकीजवळच्या शेतकरी कुटुंबात जन्मला. होंडाने सुझुकाचा ट्रॅक १९६२ मध्ये बांधला होता, त्यामुळे मोटारीची शर्यत त्याच्या घरापासून फार दूर नव्हती. जपानमधली फॉर्म्युला टू स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली. १९८७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये लोटसच्या संघात आयर्टन सेनाचा जोडीदार म्हणून तो आला तेव्हा चौतिशीत होता. लोटसला होंडाचे इंजिन मिळाले म्हणून याला जागा मिळाली, असे उघड बोलले गेले, आणि त्यात तथ्यही होते. पण १९८९ च्या ॲडलेडच्या शर्यतीत त्याच्या गाडीत होंडाचे इंजिन नव्हते. धो धो पाऊस होता. सेनाची गाडी धडकून बाद झाली, दुसरा नावाजलेला चालक प्रोस्ट याने तर पुढे गाडी चालवायलाच नकार दिला. नाकाजिमा बराच मागून सुटला, पहिल्याच फेरीत गिरकी घेऊन आणखी मागे पडला आणि तिथून चौथा आला. त्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. १९९१ अखेर तो थांबला. त्याच्या नावावर एकही विजय नाही, सारे मिळून १६ गुण.

एवढ्याशा यशाला कुणी कारकीर्द म्हणावे का? म्हणतात, कारण त्याची प्रत्येक फेरी नोंदलेली आहे. आक्षेपही नोंदीतून आला आणि त्याचे उत्तरही. पुढे नाकाजिमा सुझुकाच्या रेसिंग स्कूलचा प्रमुख झाला. त्या शाळेत शिकलेल्या ताकुमा सातोने २०१७ आणि २०२० मध्ये इंडियानापोलिस ५०० जिंकली. एका माणसाच्या हाताला जे कळले ते पुढच्याला देता आले, ते ट्रॅक, घड्याळ आणि शाळा या तिन्हींमुळे.

आपल्याकडे काय झाले? ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बंदीची साडेसात वर्षे नाकाजिमाच्या फॉर्म्युला वनमधल्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त भरतात. पंचविशीतला धुरकरी तिशी ओलांडून गेला. वाद बैलाच्या वेदनेचा होता आणि शेतकऱ्याच्या परंपरेचा होता. दोन्ही बाजू महत्त्वाच्याच. पण छकड्यावरच्या माणसाचे काय गेले, याची चर्चा मला त्यात फारशी दिसली नाही.

परवानगीच्या अटींतली काठी, चाबूक, तुतारी (टोकाला आर असलेली काठी) यांवरची बंदी मला मनापासून योग्य वाटते. आर टोचून बैल पळवणे क्रूर होते, आणि त्यात कसबही नव्हते. ही बंदी खरोखर पाळली गेली, तर उरतो तो आवाज, कासरा आणि बैलाशी वर्षभर जपलेले नाते. म्हणजे चांगल्या धुरकऱ्याची किंमत कायद्यानेच वाढवली आहे. ती त्याच्या हाती मात्र पडत नाही.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात हे बोलणे चैनीचे आहे, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. पटाची जोडी बाळगायला ऐपत लागते. धुरकरी मालक असेलच असे नाही. ज्याच्याकडे हातातल्या कसबाशिवाय काही नाही, त्याच्या नावाने वेळ नोंदली गेली तर त्याला मेहनताना ठरवून मागता येईल. छकडा उलटून हाड मोडले तर विमा असला पाहिजे, आणि बक्षिसातला त्याचा वाटा पत्रकावरच छापला पाहिजे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायकाही जोड्या हाकतात. त्यांच्या वेळाही अशाच लिहून ठेवायला हव्यात.

यात मोठ्या खर्चाचे काही नाही. परवानगी जिल्हाधिकारी देतात, अर्ज संयोजक करतात. त्याच अर्जासोबत धुरकऱ्यांची यादी आणि पट संपल्यावर वेळांचा तक्ता जोडता येईल. अडचण आहे ती धावपट्टीची. या गावची वेळ त्या गावच्या वेळेशी ताडून पाहायची, तर दोन्हीकडची लांबी सारखी हवी. ती लांबी ठरवायला जिल्ह्यातल्या पट समित्यांनी एकदा एकत्र बसावे, आणि त्या बैठकीला धुरकऱ्यांना बोलवावे.