नबाबांचीं घरें

घराची ओढ ही मनुष्याची निर्दोष भावना होय, असें आपण सहसा गृहीत धरतों. परंतु ती भागविण्यास लागणारें द्रव्य दुसऱ्याची चूल विझवून आलें असेल, तरीही ती निर्दोषच राहते काय? अठराव्या शतकांत हिंदुस्थानांत धन मिळवून मायदेशीं परतलेल्या कंपनीच्या नोकरांकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं. त्यांचे देशबांधव त्यांना उपहासानें 'नबाब' म्हणत. १७७२ सालीं सॅम्युएल फूट यानें त्याच नांवाचें प्रहसन रंगभूमीवर आणलें.

रॉबर्ट क्लाइव्हनें सरे परगण्यांत क्लेअरमाँट येथें जुना वाडा पाडून नवा बांधावयास काढला. सैतान आंत शिरूं नये म्हणूनच या दुष्ट लॉर्डानें भिंती एवढ्या जाड केल्या, असें आसपासचे शेतकरी कुजबुजत, हें मेकॉलेनें नमूद केलें आहे. त्याच सुमारास, १७७० च्या दुष्काळांत, बंगालची असंख्य रयत अन्नावांचून मेली.

क्लाइव्हला दोष देणें सोपें आहे. वॉरन हेस्टिंग्जचें तसें नाहीं. डेल्सफर्डची त्याच्या घराण्याची जहागीर त्याच्या जन्मापूर्वींच विकली गेली होती. ती परत मिळवावयाची, असा निश्चय त्यानें सातव्या वर्षीं ओढ्याकांठीं केला. आणि १७८८ सालीं, त्याच्यावरील अभियोग सुरू झाला त्याच वर्षीं, तो तडीस नेला. १७९५ त तो निर्दोष सुटला व १८१८ त, पेशवाई बुडाली त्याच वर्षीं, त्याच घरीं वारला.

त्या मुलाच्या निश्चयाला कोण नांवें ठेवील? परंतु काशीच्या राजाकडून व अयोध्येच्या बेगमांकडून सक्तीनें पैसा काढला गेला, तो याच मुलाच्या अमदानींत. तो कंपनीच्या खजिन्यांत गेला, हें खरें. पण त्याच कंपनीच्या चाकरींत साठलेल्या पैशानें हें घर विकत घेतलें गेलें.

शेजारच्या जमीनदारांनीं नबाबांना नाकें मुरडलीं, तीं मुख्यत्वें त्यांचा पैसा नवा होता म्हणून. दोन पिढ्या लोटल्यावर तो जुना झाला, आणि कुरबूर थांबली. काळानें साक्षीदार नेले; ऋण तसेंच राहिलें.

ओढ्याकांठचा तो मुलगा मला आवडतो, हीच माझी अडचण आहे. लोभ आपणांस लगेच ओळखूं येतो. प्रेमानें केलेल्या अन्यायाचा हिशेब मात्र कोणी मागत नाहीं. 'मुलांबाळांसाठीं केलें', एवढें म्हणून आपणही आपली वही मिटवीत नाहीं काय?