धाकट्याला कोण बघेल?

आईने नोकरी करावी की मुलांसाठी घरी राहावं, हा वाद मराठी मध्यमवर्ग पिढ्यानपिढ्या घालतो आहे. दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात, आणि दोघांच्याही बोलण्यात घरात माणूस एकच असतं: आई. आजी, थोरली बहीण, कामाच्या मावशी, पाळणाघर चालवणाऱ्या काकू यांना कुणी हिशेबात धरत नाही. बापाचं तर नावच निघत नाही. इतकी वर्षं हा वाद सुटत नाही, त्याचं कारण मला यातच दिसतं.

सुरुवातीला प्रश्न नोकरीचा नव्हताच. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, आणि अभ्यासात घरसंसाराच्या शास्त्राला मानाचं स्थान. बहुतेक मुली संसार करणार, तर तो त्यांनी जाणतेपणाने करावा, असा त्यामागचा विचार. आज तो जुनाट वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. पण मूल वाढवणं हे शिकून करण्याजोगं काम आहे, हे त्यात मान्य होतं. इंजिनीअर झालेली मुलगी बाळासाठी घरी राहिली की ‘डिग्री वाया गेली’ म्हणणारे आपण त्या बाबतीत कर्व्यांच्या मागेच आहोत.

त्याच सुमारास मुंबईच्या गिरणगावात चित्र अगदी वेगळं होतं. आई पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवायची. विसाच्या दशकातल्या चौकशांत ही गोष्ट नोंदली गेली आणि सुशिक्षित मंडळी हळहळली. त्या आईला कुणी ‘तू घरी राहायचं ठरवलंस का?’ असं विचारलं नव्हतं. १९२९ साली मुंबई प्रांताने प्रसूतिलाभाचा कायदा केला. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६मध्ये ती संख्या तीसवर आणली. हेतू चांगला, पण मोजायच्या फक्त बाया. त्यामुळे पाळणाघराचा खर्च टाळायचा सोपा उपाय मालकाच्या हातात राहिला: बाया कमी ठेवा. ही खोट काढायला २०१७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी केंद्राच्या प्रसूतिलाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी झाले की पाळणाघर आवश्यक ठरलं. त्याच दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली, पण त्या रजेचा पगार एकट्या मालकाच्या माथी मारला आणि बापाच्या रजेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

या सगळ्यात खरा नवा विचार केला तो बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी, आणि तो त्यांना एकदम सुचलेला नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना त्यांनी बालशिक्षणाची मॉंटेसोरी पद्धत आत्मसात केली. १९३६ साली दादरला शिशुविहार काढलं. मूल म्हणजे आईबापांनी आकार द्यायचा गोळा नव्हे, त्याला स्वतःची इच्छा आणि गती असते, हे तिथल्या पालकांना त्या सांगत राहिल्या. पण मॉंटेसोरीची साधनं महाग, आणि दादरची मुलं खाऊनपिऊन सुखी. १९४५मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. शिक्षिका अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली दोघींनी डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर काम हलवलं. विकतच्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं आली.

तिथली वारली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना हाकारण्यापेक्षा बाईच पाड्यावर गेल्या आणि झोपडीपुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. थोडी मोठी मुलं गुरांमागे असायची, म्हणून कुरणशाळा निघाली. मुलींचं मात्र त्यानेही भागेना. आई मजुरीला गेलेली, आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड. ती शाळेत आली तर त्याला कोण बघेल? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली: विकासवाडी. धाकट्याची सोय झाली तरच थोरली शिकणार, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी ओळखल्याचं मला दिसत नाही. मूल सांभाळण्याची व्यवस्था म्हणजे नोकरदार आईची चैन, ही समजूत तिथेच निकालात निघायला हवी होती.

ती निघाली नाही. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आहार आला, लसीकरण आलं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी थोडं शिक्षण आलं. दिवसभराचा पाळणा मात्र त्यात नव्हता. पाळणाघरांच्या योजना वेगळ्या निघाल्या आणि तुटपुंज्याच राहिल्या. अंगणवाडी सेविकेच्या पदरी पगाराऐवजी मानधन पडलं, आणि तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०२२ उजाडलं. मुलं सांभाळणं ही बाईची माया, त्याला दाम कशाला, हा समज घरात जसा पक्का तसाच सरकारदरबारीही.

शहरात दरम्यान भलतीच गंमत झाली. शाळांनी अभ्यास घरी पाठवायला सुरुवात केली. प्रोजेक्ट, पाठांतर, परीक्षेची तयारी, सगळं घरी. शाळा दुपारी सुटते, ऑफिस संध्याकाळी. त्यामुळे माझ्या ओळखीतल्या कित्येक जणींनी नोकरी सोडली ती बाळ तान्हं असताना नव्हे, तर ते पहिलीत किंवा दहावीत गेल्यावर. याला ‘तिची निवड’ म्हणणं मला जड जातं. मनापासून घरी राहणाऱ्या बाईबद्दल माझी काही तक्रार नाही. तिला कुणापुढे खुलासा द्यायची गरज नसावी. पण २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असं आढळलं. जिथे वाटणी अशी आहे, तिथे निवड कुणाची, हे उघड आहे.

आजही बीडकडचा कोयता, म्हणजे ऊसतोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी, आगाऊ उचल घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जातो, तेव्हा तिथल्या झोपडीत, कोपीत, धाकट्याला सांभाळायला थोरलीच थांबते. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण तान्ह्याला तिथे कोण ठेवून घेणार? आणि गावातली अंगणवाडी दुपारीच बंद होते, शेतातली मजुरी दिवस मावळेपर्यंत चालते. म्हणून आईने घरी राहावं की नाही यावर पुढचा परिसंवाद भरवण्याआधी एवढी एकच मागणी करू या: अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, तिथे तान्ह्यांसाठी पाळणा बांधा, आणि त्या वाढीव तासांचा सेविकेला रीतसर पगार द्या.