‘डिस्डेन’: अवहेलना आणि प्रतिष्ठा

इंग्रजीत तिरस्काराचे शब्द अनेक आहेत. परंतु ‘डिस्डेन’ या शब्दात द्वेषापेक्षा स्वतःच्या उंचीची जाणीव अधिक आहे. द्वेष करणारा निदान समोरच्याची दखल घेतो. ‘डिस्डेन’ बाळगणारा तेवढीही त्याची योग्यता मानीत नाही. मराठीत या वृत्तीला तुच्छता म्हणता येईल. ‘तुच्छ’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ रिकामे, पोकळ असा आहे. म्हणजे मराठी शब्द माणसाला पोकळ ठरवतो, तर इंग्रजी शब्द त्याला अपात्र ठरवतो. अपात्रता हा निवाडा आहे. आणि निवाडा म्हटला की तो देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतोच.

लॅटिन भाषेत ‘डिग्नुस’ म्हणजे योग्य. त्यापासून ‘डिग्नारी’, म्हणजे योग्य मानणे, हे क्रियापद झाले आणि नकारदर्शक उपसर्ग लागून ‘डेडिग्नारी’, म्हणजे योग्य न मानणे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला व चौदाव्या शतकात तेथे रुळला. त्याच मुळाची आणखी दोन अपत्ये आहेत: ‘डिग्निटी’ म्हणजे प्रतिष्ठा, आणि ‘इंडिग्नेशन’ म्हणजे सात्त्विक संताप.

रोमन समाजात ‘डिग्निटास’ ही कुल, अधिकारपद आणि कर्तृत्व यांनी लाभणारी गोष्ट होती. गुलामाला ती नव्हती. योग्यता अशी विषम वाटलेली असताना वरच्याने खालच्याला तुच्छ लेखणे त्या व्यवस्थेशी सुसंगतच होते. पुढे प्रतिष्ठेचा अर्थ पालटला. ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ या 1797 च्या ग्रंथात कान्टने दुराचारी माणसाचाही माणूस म्हणून असलेला आदर सर्वस्वी नाकारता येत नाही, असे प्रतिपादन केले. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने सर्व माणसे प्रतिष्ठेने समान असल्याचे घोषित केले आणि 1949 मध्ये स्वीकारलेल्या भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आली.

या उद्देशिकेमागे भारतातला स्वतंत्र अनुभव होता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. अवहेलनेचे याहून उघड रूप दाखवणे कठीण. पाणी पिणारे योग्यतेचे प्रमाणपत्र मागत नव्हते. ते देण्याचा कोणाचाही अधिकारच त्यांनी अमान्य केला होता.

मग अवमानिताने अवमान करणाऱ्याला तुच्छ लेखावे काय? त्याला तो मोह होणे स्वाभाविक आहे, आणि दुरून त्याला क्षमेचा उपदेश करणे हीसुद्धा एक प्रकारची अवहेलनाच होय. तथापि तुच्छता आणि सात्त्विक संताप यांत भेद आहे. संताप कृत्याला जाब विचारतो; आणि जाब ज्याला विचारायचा, तो उत्तर देण्यास समर्थ माणूस आहे, हे त्यात गृहीत असते. तुच्छता जाब विचारीतच नाही. तिने माणसाला आधीच हिशेबाबाहेर काढलेले असते. जन्मजात योग्यता नाकारणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढताना तुच्छतेचा आश्रय घेतला, तर जुने न्यायासन तसेच राहते, केवळ त्यावर बसणारा बदलतो. संताप मात्र ते न्यायासनच मोडू पाहतो. म्हणूनच एका मुळातून निघालेल्या या शब्दांत प्रतिष्ठेचे खरे नाते संतापाशी आहे.