घेऊन टाक!

कामशेतहून पवनानगरकडे जाताना एजंटनं गाडी थांबवली. "सर, आजच टोकन द्या. संध्याकाळपर्यंत हा प्लॉट राहणार नाही." मागच्या सीटवरून मित्र म्हणाला, "अरे, घेऊन टाक!"

आपलं हे 'टाकणं' अजब आहे. खाऊन टाक, विसरून टाक, घेऊन टाक. कुठल्याही क्रियापदाला ते चिकटलं की ती गोष्ट फक्त उरकायची राहते. इंग्रजीत अशा झडप घालून घेण्याला 'स्नॅप अप' म्हणतात. त्यात निदान जबडा मिटल्याचा आवाज आहे. आपण मात्र घेतो आणि टाकतो.

आजूबाजूला तसंच दिसत होतं. एका बाजूला इंद्रायणी भाताची खाचरं. हा तांदूळ इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला. दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, नावाची पाटी आणि आत कमरेएवढं गवत. घेऊन टाकलेली जमीन.

चहाच्या टपरीवर मी मोबाईलवर जुने फेरफार उघडले. आधी एकच नाव. मग वारस म्हणून अकरा नावं, त्यात चार लग्न झालेल्या बहिणी. मग त्या चौघींचं हक्कसोडपत्र, सगळं एकाच दिवशी. त्यांनी ते राजीखुशीनं दिलं की 'सही करून टाक' म्हटल्यावर? कागदावर ते कळत नाही. एजंटला विचारलं तर म्हणाला, "टायटल क्लिअर आहे, सर."

शेतकऱ्यानं जमीन विकूच नये, असं मी म्हणणार नाही. दर महिन्याला पगार घेणाऱ्यानं दुसऱ्याला मातीचं प्रेम शिकवू नये. त्याला मुलांची फी भरायची असते, घर बांधायचं असतं. विकणं चूक नाही, घेणंही नाही. पण तीन पिढ्यांत जे एका नावावरून अकरा नावांवर आलं, त्याचा निर्णय मी संध्याकाळी सहाच्या आत घ्यायचा होता. ही घाई माझी नव्हतीच, ती मला प्लॉटसोबत विकली जात होती. घाईचा उपयोग एवढाच, की त्या चार सह्यांबद्दल विचारायला वेळ उरत नाही.

मी टोकन दिलं नाही. दोन दिवसांनी प्लॉट गेल्याचा मेसेज आला. त्या बहिणींना माझ्या नकारानं काहीच मिळालं नाही. आणि खरं सांगायचं तर मेसेज वाचून मला आधी हळहळच वाटली. त्या चौघी नंतर आठवल्या.