मूल दुपारी कुठे असतं?

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. मुद्दा खराच होता. सहा-सात वर्षांच्या मुलाला पहाटे उठवायचं, पेंगत असतानाच दात घासायला लावायचे, दुधाचा पेला संपवत व्हॅनपर्यंत पळवायचं, हे ज्यांनी रोज केलं आहे त्यांना त्यासाठी कुठल्या अहवालाची गरज नव्हती.

निर्णयावर हरकती आल्या. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना वर्गखोल्यांची अडचण, बसवाल्यांना फेऱ्यांची आणि वाहतुकीची अडचण. त्यात पालकांचाही एक आवाज होता. आम्ही साडेसातला घर सोडतो, मग नऊ वाजेपर्यंत मुलाजवळ कोण थांबणार? या प्रश्नाची नोंद ‘काही पालकांची गैरसोय’ अशी झाली आणि चर्चा पुढे सरकली. मला मात्र वाटतं की सगळ्या वादातला सर्वांत मोठा प्रश्न तोच होता. शाळा कधी भरावी आणि कधी सुटावी यावर आपण वर्षानुवर्षं बोलतो. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तासांत मूल कुणाच्या नजरेखाली असतं, हे आपण घरावर सोपवून मोकळे होतो.

शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट पाहा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, असं २००९ च्या या कायद्यात लिहिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. आता आईबापांचा हिशेब करा. आठवड्याला एक सुट्टी आणि सणवार सोडले तरी कामाचे दिवस तीनशेच्या घरात जातात. रोजचे आठ तास धरले तर चोवीसशे तास झाले, आणि त्यात विरार-चर्चगेट किंवा हडपसर-हिंजवडीचा प्रवास धरलेलाच नाही. शाळा प्रत्यक्षात कायद्याने सांगितलेल्या किमान वेळेपेक्षा जास्त भरते, हे मान्य. तरीही उरणारं अंतर हजार तासांहून अधिकच आहे. दिवाळीची सुट्टी, मे महिना, निकालानंतरचे दिवस, हे सगळं त्याच अंतरात येतं.

मूल सहा वर्षांचं होईपर्यंत कायद्याला या अंतराची जाणीव असते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार तीसहून अधिक स्त्रिया काम करत असतील तिथे पाळणाघर लागत असे, सहा वर्षांखालील मुलांसाठी. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तिथे तीच तरतूद होती, पुन्हा सहा वर्षांखालील मुलांसाठी. अंगणवाडीची वयोमर्यादा सहा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेची सहा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, पण त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच रेषा आहे. सातव्या वर्षात पाऊल ठेवताच मूल या सगळ्या याद्यांतून गळतं, कारण आता ते शाळेत जातं. जणू शाळेत नाव घातलं की मूल सांभाळण्याचं कामच संपलं. अडीच वर्षांच्या मुलाला दुपारी झोपवणारी पाळणाघरातली बाई कायद्याला दिसते. साडेसात वर्षांचं मूल बारा वाजता शाळेतून येऊन कुलूपबंद दारासमोर उभं राहतं, ते दिसत नाही.

मग हे तास भरून काढतं कोण? आधी आजी. नातवंडांसाठी गाव सोडून डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेल्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गुडघे दुखत असताना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून त्या रिक्षाची वाट पाहतात. नातवंडांच्या सहवासाचा आनंद खरा, आणि दुपारची झोप गेली, भजनी मंडळ सुटलं, तेही खरं. आजी नसेल तिथे ताई. वस्तीत पाचवी-सहावीतली मुलगी धाकट्या भावाला शाळेतून आणते, त्याला वाढते, त्याच्यावर लक्ष ठेवते. तिचा अभ्यास भाऊ झोपला तर होतो. ताईही नसेल तर क्लास. गरीब वस्त्यांतले दुसरी-तिसरीचे अनेक क्लास मुळात शिकवणीसाठी चालत नाहीत, संध्याकाळी मूल कुठेतरी चार भिंतींच्या आत असावं म्हणून चालतात. दिवसभर शाळेत बसलेलं मूल तिथे आणखी दोन तास वहीवर मान घालून बसतं. आणि ज्यांना यातलं काहीच परवडत नाही, त्यांच्या मुलाच्या गळ्यात किल्ली.

ती किल्ली नाड्यात ओवलेली असते आणि गणवेशाच्या आत ठेवायची असते, बाहेर दिसू द्यायची नाही. तिच्याबरोबर सूचनांची यादी असते: बेल वाजली तरी दार उघडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही, पोळीभाजी ताटाखाली झाकली आहे, पोचलास की शेजारच्या काकूंच्या फोनवरून मिस्ड कॉल दे. आठ वर्षांचं मूल हे सगळं बिनचूक पाळतं, आणि आपण त्याला शहाणं म्हणतो. त्या शहाणपणाचं ओझं किती आहे, ते आई ऑफिसात पावणेएक वाजता फोनकडे पाहत असते तेव्हाच्या तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

शहरांतल्या मध्यमवर्गाला ज्यांनी खरा आधार दिला त्या पाळणाघरवाल्या काकू. आमच्या भागातल्या अशा एका घरात मी दुपारभर बसले होते. घर तळमजल्यावर, बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीवर खडूच्या फळ्यावर आईबापांचे फोन नंबर आणि त्याखाली ‘शेंगदाणे नको’, ‘चार वाजता औषध’ अशा नोंदी. साडेबाराला रिक्षावाल्या काकांनी पाच मुलं सोडली. दारातच दप्तरं आपटली गेली, मोजे निघाले, हात धुवायला रांग लागली. पहिलीतली एक मुलगी डबा उघडेना. काकूंनी कारण विचारलं नाही. तिच्याजवळ बसून त्या मटार सोलू लागल्या, एक शेंग तिच्या हातात दिली. पाच-सात शेंगा झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, ‘आज बाई माझ्यावर ओरडल्या.’ मग डबा उघडला.

शाळेनंतरच्या वेळेत मुलाला नेमकं हेच लागतं: पोटात काहीतरी, अंग टाकायला जागा, आणि घाईत नसलेलं एक मोठं माणूस. दिवसभरातलं सांगण्यासारखं मूल पहिल्या तासाभरात सांगतं. आई रात्री आठला घरी पोचते तेव्हा ते विसरलेलं तरी असतं किंवा गिळलेलं तरी. काकूंच्या या कामाला शिक्षणशास्त्रात नाव असेल-नसेल, पण ते कौशल्याचं काम आहे. ते करणाऱ्या हजारो बायका बिनानोंदणी, बिनप्रशिक्षण, आपल्याच घरात, विम्याशिवाय काम करतात. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातली मारहाणीची दृश्यं बाहेर आली तेव्हा आपण हादरलो आणि कॅमेऱ्यांची मागणी केली. कॅमेरा आईची काळजी थोडी कमी करील. पण एका बाईने किती मुलं सांभाळावीत, तिला सुट्टी कोण देणार, ती आजारी पडली तर काय, यातलं काही कॅमेऱ्याने सुटत नाही.

शाळेबाहेरच्या तासांचा विचार महाराष्ट्राला नवा असता तर गोष्ट वेगळी. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी शाळा उभी केली तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं ते हे की मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. त्यांनी ‘विकासवाडी’ या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाचा पूर्ण दिवस समोर ठेवून शाळा आखायची, ही दृष्टी त्यामागे होती. ताराबाईंच्या नावाने आपण पुरस्कार देतो, पण त्यांची ही दृष्टी शहरातल्या शाळांपर्यंत आलीच नाही. बांधकामांवर काम करणाऱ्या मुंबई मोबाइल क्रेशेससारख्या संस्थेने मात्र तान्ह्यांबरोबर शाळकरी मुलांनाही केंद्रात जागा दिली, कारण बहीण-भावंडं वेगळी काढता येत नाहीत, हे साइटवर उघड दिसतं.

खुद्द शासनानेही एका ठिकाणी हे तत्त्व मान्य केलं आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. म्हणून गावातल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं सुरू झाली, मुलांनी मागे राहावं आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय गावात व्हावी यासाठी. त्यांच्या कारभारावर टीका भरपूर झाली आहे, आणि ती रास्तही आहे. पण कामासाठी आईबाप घराबाहेर असतील तर शाळेबाहेरच्या तासांतही मुलाची जबाबदारी समाजाची, हे त्या योजनेने कबूल केलं. बीडच्या कोयत्याला जे लागू ते ठाण्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या जोडप्याला लागू का नसावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

परदेशांत हा प्रश्न कधीच राजकारणाच्या मध्यभागी आला. जपानमध्ये बालसंगोपन केंद्रात मूल असेपर्यंत नोकरी टिकवलेल्या बायका मूल पहिलीत गेल्यावर ती सोडू लागल्या. शाळेनंतरच्या मुलांच्या सांभाळाला तिथे १९९७ च्या दुरुस्तीने बालकल्याण कायद्यात स्थान मिळालं. स्वीडनमध्ये शाळेलाच जोडून फावल्या वेळाची केंद्रं असतात आणि तिथे काम करण्यासाठी विद्यापीठातलं प्रशिक्षण आहे. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा केला: १ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास शाळा आणि सांभाळ मिळून हक्काने मिळावेत, आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत २०२९ पर्यंत चौथीपर्यंत जावं. सुट्ट्यांतही तो हक्क चालू राहतो, वर्षातून फार तर चार आठवडे बंद ठेवता येतं.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो आणि मीही तो मनापासून घेते. मुलांना आणखी किती वेळ भिंतींच्या आत कोंडायचं? घर, गल्ली, झाड, कंटाळा, यांवर त्यांचा काहीच हक्क नाही का? आहे. म्हणूनच या वेळेत धडे नकोत, गृहपाठाची सक्ती नको, स्कॉलरशिपचे जादा तास तर नकोतच. पुण्यात सारसबागेसमोरच्या गरवारे बालभवनात शोभा भागवतांनी मुलांच्या खेळाला जे महत्त्व दिलं, त्या वळणाची जागा हवी: माती, दोरी, रंग, पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात नुसतंच लोळायची मुभा. शिवाय ज्या गल्लीची आपण आठवण काढतो तिथे आता मोटारी उभ्या आहेत, आणि त्या गल्लीत खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवणाऱ्या बायका आता कामाला जातात. कुलूपबंद खोलीत मोबाइलसमोर बसलेलं मूल मोकळं आहे, असं मला म्हणवत नाही.

जागा आपल्याकडे आहे. महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती वर्ग सुटल्यावर बंद होतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच शाळेबाहेरच्या वेळेत या इमारती समाजाच्या उपयोगासाठी उघडाव्यात, असं सुचवलं आहे. पोषण आहाराचं स्वयंपाकघर आहे, नळ आहे, बहुतेक ठिकाणी मैदानही आहे. सकाळी सातपासून शाळा भरेपर्यंत आणि सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत दोन खोल्या आणि मैदान उघडं ठेवायचं, संध्याकाळचं खाणं द्यायचं, मिळकतीनुसार फी घ्यायची आणि गरिबांकडून काहीच घ्यायची नाही. एखाद्या महापालिकेने एका प्रभागात हे सुरू केलं तरी पुढचं समजायला लागेल.

फक्त दोन गोष्टींवर मी अडून बसेन. हे काम शिक्षकांच्या माथी मारायचं नाही. जनगणना, निवडणुका आणि अहवाल यांनी त्यांचा दिवस आधीच भरला आहे, आणि मुलांनाही दुपारनंतर वेगळा चेहरा हवा असतो. दुसरी गोष्ट पैशाची. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८. फुकट होत आलेलं काम सरकारी योजनेत शिरलं की त्याला ‘मानधन’ मिळतं, हे अंगणवाडी सेविकांनी आणि आशाताईंनी मोर्चे काढून काढून आपल्याला सांगितलं आहे. या केंद्रांतल्या बाईला किंवा बाप्याला, आणि इथे पुरुषही हवेत, नेमणूकपत्र, पद, प्रशिक्षण, भविष्यनिर्वाह निधी आणि पगार हवा. तेवढी तरतूद अंदाजपत्रकात करायची तयारी नसेल, तर योजनेची घोषणाही करू नये.